बंगळूरच्या नकाशावर आमच्या शेळ्या चार

परगावाहून आलेल्या माणसाला आमच्या गावात दोनच प्रश्न विचारतात. काय खाल्लंस, आणि काय आणलंस. मी बंगळूरला पाच दिवस राहून आलो. खाल्लं बरंच, आणली एक म्हैसूरपाकाची पेटी, ती तासाभरात संपली. तिथं जाऊन केलंस काय, हे अजून कुणी विचारलेलं नाही. विचारतील असं वाटतही नाही, म्हणून न विचारताच सांगतो.

हुद्द्यानं मी पशुधन पर्यवेक्षक, गावांच्या लेखी डॉक्टर. माणदेशाच्या कडेला एका तालुक्यात तीस वर्षं शेळ्या-म्हशींना सुया टोचतोय. निवृत्तीला पाच महिने उरले असताना खात्याला एकाएकी माझ्या ज्ञानाची काळजी वाटू लागली. बंगळूरला प्रशिक्षण होतं, विषय असा, की पशुगणनेच्या आकड्यांवरून जनावरांच्या साथीचा अंदाज कसा बांधावा. मोठ्या साहेबांना कोर्टाची तारीख होती, मधल्या साहेबांच्या घरी लग्न होतं, आणि पाणी शेवटी उताराकडंच येतं. पत्र माझ्या टेबलावर आलं. "जाऊन या," साहेब म्हणाले, "हवा चांगली आहे तिथली." हवा खायला सरकार माणूस पाठवतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

सोमवार, बसवनगुडी

राहायची सोय राजाजीनगरात आणि वर्ग बसवनगुडीत. नकाशात ही दोन ठिकाणं बोटभर अंतरावर दिसतात. रिक्षावाल्याला किती वेळ लागेल विचारलं, तर तो म्हणाला, "स्वल्प." स्वल्प म्हणजे थोडा, एवढं कन्नड मला शाळेतल्या संस्कृतच्या जोरावर कळलं, आणि मी निश्चिंत बसलो. सव्वा तासानं उतरलो. पुढं हा शब्द जिथं तिथं भेटत राहिला. सांबार स्वल्प, उशीर स्वल्प, बसमध्ये स्वल्प सरका. या शहरात कुणी काही मोजून सांगतच नाही असं माझं मत झालं, आणि मी नाक मुरडलं. आपला तो बाब्या असतो हे त्या वेळी लक्षात आलं नाही.

बसवनगुडी म्हणजे बसवाचं, नंदीचं देऊळ. वर्गाला अवकाश होता म्हणून आधी त्याचं दर्शन घेतलं. एका दगडातला काळाभोर नंदी, बसलेला असून माणसाच्या दुपटी-तिपटीनं उंच. जनावर दिसलं की दात बघून वय सांगायचं ही माझी खोड. मान वाकडी करून त्याच्या जबड्याखाली गेलो, तर पुजाऱ्याला वाटलं तीर्थ हवंय. हातावर तीर्थ पडलं, ते मुकाट्यानं घेतलं. वय काही कळलं नाही.

वर्गात आम्ही वीसेक जण, निरनिराळ्या राज्यांतले. शिकवायला होत्या डॉक्टर यमुना राव, वय पस्तिशीचं. हजेरी घेताना माझ्या नावापाशी थांबल्या. "तुम्ही मराठी? मीपण मराठीच अण्णा. आमची लोकं साडेतीनशे वर्षांमागं फौजेबरोबर इकडं आली. परत जायचं राहूनच गेलं बघा." आमच्याकडं अण्णा म्हणजे निवडणुकीला उभा राहिलेला, किंवा नुकताच पडलेला माणूस. इथं अण्णा म्हणजे थोरला भाऊ. तीस वर्षांत खात्यानं दिली नाही ती बढती मला पाच मिनिटांत मिळाली.

दुपारी त्यांनी साथ कशी पसरते ते पडद्यावर दाखवलं. एक ठिपका म्हणजे एक शेळी. मधला एक ठिपका त्यांनी लाल केला. शेळ्या दाटीनं असल्या तर लाली बघता बघता पडदाभर व्हायची, विरळ असल्या तर पाच-सात ठिपके रंगून तिथंच विझायची. "रोग तोच हाय," यमुनाबाई म्हणाल्या, "शेजार बदलतो. म्हणून पहिलं विचारायचं, शेळ्या किती आणि कुठं. तो आकडा चुकला, की पुढची सगळी गणितं बरोबर करूनपण उत्तर चुकतं." हे मला अगदी पटलं. एका वस्तीवरचा रोग दुसरीवर कसा उडी मारतो ते मी उभ्या आयुष्यात पाहत आलोय.

मग तालुक्यांचा नकाशा आला. शेळ्यांच्या बुळकांडीचा, म्हणजे ज्याला कागदोपत्री पीपीआर म्हणतात त्याचा. ताप, नाकातून शेंबूड, तोंडात फोड, मग हगवण, आणि आठवड्यात करडं आडवी. नशीब एवढंच की लस आहे. पण लस थोडी आणि तालुके फार. म्हणून गुरुवारी संध्याकाळी या नकाशावरून यादी वर जायची होती. एखादं नाव घाईचं असेल तर ते त्याआधीही कळवता येत होतं. लाल तालुक्यांना लस आधी, पिवळ्यांना मागाहून. मागाहून म्हणजे कधी, हे सरकारी नोकराला विचारावं लागत नाही.

माझा तालुका पिवळा होता.

मी हात वर करणार, तेवढ्यात दिल्लीहून आलेले एक प्राध्यापक उठले आणि त्यांनी नेमका माझाच तालुका मोठा करून दाखवला. म्हणाले, इथं एक विलक्षण गोष्ट आढळते. निम्म्याहून अधिक घरांत शेळ्या बरोबर चार आहेत. तीन नाहीत, पाच नाहीत, चार. यावर त्यांनी एक सिद्धांत उभा केला होता. कोरडवाहू जमीन, चाऱ्याची टंचाई, घरातल्या बाईचे कामाचे तास, या सगळ्यांचा तोल बरोबर चार शेळ्यांवर सांभाळला जातो, आणि तिथल्या लोकांनी पिढ्यानपिढ्यांच्या शहाणपणातून हा आकडा गाठलेला आहे. सगळा वर्ग माझ्याकडं आदरानं बघायला लागला. मी मान खाली घालून वहीची पानं उलटायला लागलो.

कारण ते चार कुठून आले ते मला माहीत होतं. आमच्याकडं दावणीची जनावरं मोजून सांगत नाहीत, दृष्ट लागते. शेळ्या किती विचारलं की माणूस खाली बघतो आणि म्हणतो, "हायती की चार." हे चार तिनाच्या पुढचे नव्हेत. चार माणसांत नीट बोलावं, चार दिवस सासूचे, त्यातले हे चार. दारात चाळीस शेळ्या ओरडत असल्या तरी चारच. आणि पशुगणनेच्या वेळी प्रगणकांना सूचना देणारा मी. फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, लोक सांगतील तेच भरा, आपलं डोकं चालवू नका. त्यांनी चालवलं नाही. टॅबमध्ये चार, चार, चार भरत गेले. खडकमाळची वस्ती तर मी स्वतः केली. उन्हं चढली होती, टॅब तापून बंद पडत होता, आणि मीही चार भरत गेलो. सगळ्या तालुक्याच्या आकड्यांखाली 'तपासले' म्हणून सही माझी.

आता उठून हे सांगावं, तर चौकशी लागणार. चौकशी लागली की निवृत्तीचे कागद अडकणार. हात वर करायचा राहिला, आणि सोमवार तसाच गेला.

मंगळवार, देवनहळ्ळी

सकाळी आम्हाला बसनं देवनहळ्ळीला नेलं, शिवारात प्रत्यक्ष मोजणी बघायला. निम्म्या वाटेत फोन वाजला. खडकमाळची हौसाबाई. नवरा गेल्यावर शेळ्यांच्या जिवावर दोन लेकी उजवलेली बाई. उगीच फोन करणाऱ्यातली नाही.

"डागदर, दोन करडं शेंबडली हायती. परवाधरनं हागत्याती."

"तोंड उघडून बघितलं का?"

"फोड हायती की."

ही बुळकांडीच. आजारी करडं वेगळी बांध, पाणी वेगळं ठेव, बाकीच्यांना रानात सोडू नकोस, असं सांगितलं. मग विचारलं, "एकूण शेळ्या किती झाल्या गं आता?"

"हायती की चार," हौसाबाई म्हणाली. पाठीमागून एवढा बेंबाटा ऐकू येत होता की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, नमुना घेऊन पाठवायला सांगतो. लस? "लस कशी मिळेल? तालुका यादीत बसला तर मिळेल. तुम्ही तिथंच आहात ना, बघा की." मी तिथंच होतो खरा.

देवनहळ्ळी हे किल्ल्याचं जुनं गाव. आता विमानतळ शेजारी आलाय, त्यामुळं शेतांचे प्लॉट पडलेत. डोक्यावरून विमानं जातात आणि खाली प्लॉटांच्या दगडांमध्ये गाई चरतात. आम्हाला मुनियप्पा नावाच्या गृहस्थाकडं नेलं. पशुगणनेत त्याच्या नावावर एकही जनावर नाही, कारण शेत विकल्यावर जुना घर क्रमांकच गेला. आणि गाई होत्या एका अर्धवट इमारतीच्या तळमजल्यावर, जिथं पुढंमागं मोटारी उभ्या राहायच्या आहेत.

यमुनाबाईंनी विचारलं, "हसु एष्टु?" म्हणजे गाई किती.

मुनियप्पा खाली बघून म्हणाला, "स्वल्प."

मला त्या परमुलखात एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. यमुनाबाईंनी पुन्हा काही विचारलं नाही. आत गेल्या, खांबांना बांधलेली दावी एकेक करून मोजली, आणि वहीत अकरा लिहिलं. "मी आकडा विचारते तो फक्त बोलणं सुरू करायला," त्या मला म्हणाल्या. "खरा आकडा सांगितला तर दृष्ट लागते त्यांना. दावं खोटं बोलत नाही. तुमच्याकडं कसं मोजतात अण्णा?"

"विचारून," मी म्हणालो.

"आणि लोकं खरं सांगतात?"

"आमची माणसं सरळ आहेत," मी म्हणालो. वाक्य तोंडातून गेलं आणि माझी मलाच लाज वाटली. माणसं सरळच आहेत. वाकडं होतं ते माझं तोंड.

मुनियप्पाच्या बायकोनं जेवायला बसवलं. नाचणीचा वाफाळता गोळा, मुद्दे म्हणतात त्याला, आणि पालेभाजीचं पातळ कालवण. आपण नाचणीची भाकरी खातो, तसं समजून मी घास चावायला घेतला. तो दातांना असा चिकटला की वरचा जबडा वरच राहिला. बाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. मुद्दे चावायची नसते, कालवणात बुडवून सरळ गिळायची असते. मी म्हटलं, हे मला जमेल, कालपासून हेच करतोय. कुणाला कळलं नाही, ते बरं झालं.

संध्याकाळी हौसाबाईचा पुन्हा फोन. एक करडू गेलं होतं.

बुधवार, राजाजीनगर

बुधवारचा वर्ग माझ्या डोक्यावरून गेला. फळ्यावर काय होतं ते सांगता येणार नाही. माझ्यापुढं सारखी ती यादी होती आणि यादीत नसलेली वस्ती. मधल्या सुट्टीत दोनदा यमुनाबाईंच्या टेबलापर्यंत गेलो आणि दोनदा चहाचा कप घेऊन परत आलो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्या पाठीशी साहेबांच्या आवाजात बोलत होता.

वर्ग सुटल्यावर यमुनाबाईच म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही राजाजीनगरातच उतरलात ना. आमचं घर दोन गल्ल्या पुढं. आईला पुण्याकडचं माणूस आलं की सण वाटतो." माणदेश पुण्याकडं येत नाही हे मी सांगितलं नाही. साडेतीनशे वर्षांत तेवढी चूक चालते.

घर छोटं, नीटनेटकं. दारात रांगोळी, आत देवघरापाशी कन्नड दिनदर्शिका. यमुनाबाईंच्या आईंना घरात सगळे अक्का म्हणतात. त्यांची मराठी ऐकून मला गंमत वाटली. क्रियापदं आपल्या आजीच्या वेळची, मधूनच कन्नड शब्द, आणि प्रत्येक वाक्याला 'सरी', म्हणजे बरं का, असा टेकू. "ये बाबा, बस. उगं दमलास दिसतो. चार घास खाऊन जा, सरी?"

जेवायला चपात्या, हुळी म्हणजे घट्टसर सांबार, आणि कोसंबरी. कोसंबरी म्हणजे आपली कोशिंबीर, मुगाची भिजवलेली डाळ घालून केलेली. दोन दिवस पोटात काही नीट गेलं नव्हतं. अक्का वाढत गेल्या आणि मी खात गेलो. शेवटी ताटावर आडवा हात धरून म्हणालो, "अक्का, बास. चार घास म्हणालात आणि सात चपात्या झाल्या."

"जेवलेलं मोजतात का बाबा," अक्का म्हणाल्या. "चार म्हटलं म्हणजे काय चारच होय?"

यमुनाबाई हसल्या. मग त्यांचं हसू हळूहळू गेलं. हातातला डाव त्यांनी खाली ठेवला.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "तुमच्या तालुक्यातले ते चार..."

"तेच," मी म्हणालो. "तेच ते चार."

आणि मग सगळं सांगितलं. फळ्यावरची सूचना, तापलेला टॅब, सही, हौसाबाई, मेलेलं करडू. अक्का कोसंबरीचं भांडं हातात धरून तशाच उभ्या होत्या. यमुनाबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

"तुम्हाला हे कधी समजलं?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी. दुपारी."

"आज बुधवार हाय अण्णा," त्या म्हणाल्या.

मी उठून हात धुऊन आलो. मग त्यांनी विचारलं, दुसरा कुठला आकडा आहे का तुमच्याकडं, न विचारता मिळालेला? मी खिशातली डायरी काढली. दर पावसाळ्याआधी मी शेळ्यांना जंताचं औषध पाजतो. शेळीमागं माप ठरलेलं असतं, आणि कुणाच्या दावणीला किती मापं गेली ते मी लिहून ठेवतो, पुढच्या वर्षी औषध कमी पडू नये म्हणून. ती डायरी सरकारनं कधी मागितली नाही, म्हणून तिच्यात खोटं शिरायला वाटच नव्हती. यमुनाबाईंनी पानं उलटली. खडकमाळच्या पानावर बोट ठेवून त्या बराच वेळ बेरीज करत बसल्या.

गुरुवार, पुन्हा बसवनगुडी

सकाळी वर्ग भरल्याबरोबर मी उठून उभा राहिलो. माझी हिंदी म्हशींना समजेल एवढीच आहे, पण बोललो. आमच्या भाषेत चार म्हणजे थोडे, ते आम्ही आकडा समजून भरले, भरा म्हणून मीच सांगितलं, आणि सही माझी आहे. मग ओडिशाकडचा एक जण हळूच म्हणाला, "आमच्याकडंही लोक असंच बोलतात." तेलंगणचा म्हणाला, आमच्याकडंही. नंतर बराच वेळ जो तो आपापल्या नकाशाकडं बघत होता.

प्राध्यापकांना वाईट वाटेल म्हणून मी धास्तावलो होतो. छे, ते खूश झाले. दुपारपर्यंत त्यांचा जुना सिद्धांत जाऊन नवा आला, त्याचा विषय होता लोकभाषेचा गणनेवरील परिणाम. लेखक म्हणून तुमचंही नाव घालू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नको, माझी एक सही आहे तेवढी पुरे.

यमुनाबाईंनी डायरीतल्या आकड्यांवरून शेळ्या पुन्हा मांडल्या आणि गणित चालवलं. माझा तालुका पिवळ्याचा नारिंगी झाला, मग लाल. खडकमाळच्या जागी तर ठिपक्यांना मध्ये जागाच उरली नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा आपला तालुका धोक्यात आहे हे बघून मला बरं वाटलं. संध्याकाळी यादी गेली. आमचं नाव वरून तिसरं होतं.

साहेबांचा फोन यायला अर्धा तास लागला.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं का?"

"नाही."

"मग कशाला बोललात? वरून खुलासा मागतील. तो तुम्हीच लिहा, माझं नाव मध्ये आणू नका."

"लिहितो," मी म्हणालो. शुक्रवारी प्रमाणपत्रं वाटली. माझ्या नावात एक काना कमी होता, तो मी पेननं घातला.

खडकमाळ

पुढच्या बुधवारी लस आली. थंड पेट्या घेऊन आम्ही वस्त्या धरल्या. रोग कळपभर झाला की लस फारशी कामाची नसते, ती शेजारच्यांसाठी. खडकमाळच्या भोवतीच्या चारी अंगांच्या वस्त्या टोचून काढल्या, आणि त्या वाचल्या. एकाही ठिकाणाहून तोंडात फोड आल्याचा फोन आला नाही. खुलाशाचं पत्रही त्याच आठवड्यात आलं. निवृत्तीचे कागद सध्या जिल्ह्याला आहेत, आणि तिथंच राहतील असं दिसतं.

एके दिवशी यमुनाबाईंना फोन केला. सोमवारी बोललो असतो तर आमचं नाव तीन दिवस आधी वर गेलं असतं, मग हौसाबाईची किती वाचली असती, हे तुमचं गणित सांगू शकेल का? "सांगतं अण्णा," त्या म्हणाल्या. "पण ते तुम्ही विचारू नका." मी पुन्हा विचारलं नाही. तरी रोज मनात येतं.

तालुक्याची फेरमोजणी करायचा आदेश निघाला आणि खडकमाळ मी स्वतःकडं घेतली. हौसाबाई गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली होती. मी टॅब पिशवीतच ठेवला आणि म्हटलं, आकडा नको सांगूस, शेळ्यांची नावं सांग. तिनं गोठ्याकडं तोंड केलं. मग एकेक हाक मारायला लागली. बांडी, मोरी, कपिली, भुरी, शिंगरी. जिला हाक मारेल ती मान वर करायची, आणि मी लिहून घ्यायचो. नावाला दृष्ट लागत नाही म्हणे. एकवीस नावं झाली आणि गोठ्यातल्या शेळ्या संपल्या.

"चांदी," हौसाबाई म्हणाली.

कुणी मान वर केली नाही. मी थांबलो. "हौसाबाई, चांदी गेली ना?"

"गेली. पर व्हती की, डागदर. लिव्हा."

सरकारी तक्त्यात मेलेल्या जनावराला रकाना नाही. मी डायरीच्या पानावर खाली चांदी लिहिलं. हौसाबाई बोटानं मातीत रेघा ओढत होती. मग तिनं पुढचं नाव घेतलं, मग त्याच्या पुढचं. अशी आणखी नऊ नावं तिनं सांगितली, आणि ती सगळी मी लिहून घेतली.